कोरोनानंतर न जाणारा थकवा: सवयी आणि वागणुकीतून होणारे उपचार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोरोना होऊन वर्षं लोटली, तरी अंगात त्राण नाही. हा लॉन्ग कोविडच का?

असू शकतो, पण धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेली व्याख्या थोडक्यात अशी: कोरोना झाल्यापासून साधारण ३ महिन्यांनी जी लक्षणं आहेत, जी किमान २ महिने टिकली आहेत आणि ज्यांचं दुसरं कारण सापडत नाही, ती या आजाराची. थकवा, धाप आणि डोक्यात धुकं भरल्यासारखं होणं ही त्यातली मुख्य. छातीत धडधड, उभं राहिलं की चक्कर, अंगदुखी, मोडलेली झोप, गेलेला वास हेही त्यात येतं. कोरोना घरच्या घरी, साध्या तापावर निभावलेल्यांनाही हे होतं.

दुसऱ्या लाटेत गावोगावी घरंच्या घरं आजारी पडली आणि तपासणी एखाद्याचीच झाली. म्हणून "रिपोर्ट नाही, तर आजार नाही" असं कोणी म्हटलं तर ऐकून गप्प बसू नका. घरात त्या दिवसांत कोण कोण आजारी होतं, तुमचा ताप कधीचा, किती दिवसांचा, हे तारखेसह सांगा.

आधी काय काय तपासून घ्यावं?

व्याख्येतला "दुसरं कारण सापडत नाही" हा भाग आपल्याकडे, विदर्भात, फार महत्त्वाचा आहे, कारण थकव्याची दुसरी कारणं इथे घरोघरी आहेत. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२, लघवी, छातीचा एक्स-रे आणि हृदयाचा आलेख एवढं तरी व्हावं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, रात्रीचा घाम किंवा वजनात घट असेल तर टीबीसाठी थुंकी तपासा, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला "दमाने काम करा" एवढंच सांगून परत पाठवणं हा उपचार नव्हे.

वागणुकीचे उपचार म्हणजे डॉक्टरांना हा आजार मनाचा वाटतो का?

नाही. साखरेच्या रोग्याला काय खावं, कधी चालावं हे शिकवतात तेव्हा त्याची साखर मनातली आहे असं कोणी म्हणत नाही. इथेही तसंच. लॉन्ग कोविड मुळापासून काढणारं औषध आज हाती नाही. जी ताकद उरली आहे ती कशी खर्चायची, झोप आणि श्वास रुळावर कसे आणायचे, विसरभोळेपणात काम कसं निभवायचं आणि खचलेलं मन कसं सावरायचं, हे शिकावं लागतं. त्याला वागणुकीचे उपचार म्हणायचं. ते आजार पुसून टाकत नाहीत. पण महिन्यात सहा वेळा अंथरूण धरणारा माणूस एक-दोन वेळांवर येणं शक्य असतं, आणि कष्टाच्या घरात तो फरक मोठा असतो.

काम केलं त्या दिवशी ठीक वाटतं, दोन दिवसांनी अंग टाकून देतो. असं का?

याला श्रमानंतरची घसरण म्हणू. या आजारात बऱ्याच जणांत दिसणारी ही खास खूण. नेहमीचा थकवा कामाबरोबर येतो आणि रात्रीच्या झोपेने जातो. ही घसरण बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी येते, कधी तिसऱ्या दिवशी. थकव्यासोबत अंग ठणकतं, डोकं चालत नाही, घसा धरल्यासारखा होतो, उजेड आणि आवाज नकोसा वाटतो, आणि हे दिवसेंदिवस राहू शकतं. आम्सटरडॅमच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा रुग्णांना सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर स्नायूंचे नमुने तपासले. श्रमानंतर स्नायूंमध्ये बिघाड वाढलेला दिसला. तेव्हा हा बहाणा नाही, आळसही नाही.

मग काम वाटून कसं घ्यायचं? नुसतं "आराम करा" सांगून पोट भरत नाही.

बरोबर आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. फक्त आपलं अंथरूण किती लांब आहे हे आधी मोजावं लागतं.

सात दिवस काहीही न बदलता नोंद करा. पोरांची जुनी वही पुरे. चार रकाने आखा: वेळ, काय केलं, किती मिनिटं, आणि थकवा ० ते १० पैकी किती. रात्री खाली एक ओळ: कालपेक्षा आज बरा, तसाच, की वाईट. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या लेकराला सांगा, ते आवडीने करतात.

आठवड्यानंतर वही मागून पुढे वाचा. गुरुवारी अंथरूण धरलं असेल तर बुधवारच्या आधी मंगळवारचं पान पाहा. तिथे बहुधा सापडतं: लग्नाला एसटीने जाऊन येणं, पाण्याच्या दहा खेपा, बँकेत तीन तास रांगेत उभं राहणं, नाहीतर भावकीतलं भांडण. हो, भांडणही. डोक्याचा आणि मनाचा खर्च शरीराच्याच थैलीतून जातो. तेरवीच्या गर्दीत चार तास बसून येणं काहींना अर्धा एकर निंदण्याइतकं पडतं.

आता तुमची पायरी ठरवा. सगळ्यात वाईट दिवशीही जेवढं निभतं, आणि ज्यानंतर दोन दिवस घसरण येत नाही, तेवढं काम म्हणजे पायरी. सलग २० मिनिटं उभं राहून थकवा येतो असं वहीत दिसलं तर थांबायचं १२ ते १५ मिनिटांवर. मोबाइलचा गजर लावा आणि गजर झाला की हातातलं ठेवा. यातली कठीण गोष्ट हीच आहे: विसावा थकण्याच्या आधी घ्यायचा. थकल्यावर घेतलेला विसावा उशिराचा असतो.

स्वयंपाकाचं उदाहरण घेऊ. सकाळी सलग तासभर चुलीपुढे काढण्याऐवजी भाजी आदल्या संध्याकाळी बसून निवडून-चिरून ठेवायची. सकाळी कणीक मळली की १० मिनिटं बाजेवर आडवं व्हायचं. मग पोळ्या, त्याही उंच पाटावर किंवा स्टुलावर बसून, कारण उकिडवं बसून पुन्हा पुन्हा उठण्यातच निम्मी ताकद जाते. फोडणी दुसऱ्याने द्यावी. पाणी भरायची बादली अर्धीच, खेपा वाढल्या तरी चालतील, पण दोन खेपांमध्ये बसायचं. कपडे आणि केस धुणं एकाच दिवशी नको.

विसावा म्हणजे आडवं पडून डोळे मिटणं, १० ते १५ मिनिटं. मोबाइलवर व्हिडिओ पाहत पडणं म्हणजे विसावा नव्हे, डोकं तेव्हाही राबत असतं.

दोन आठवडे एकही घसरण आली नाही तर एकाच कामात थोडी वाढ करा, दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. १५ मिनिटांचं काम १६ मिनिटांवर न्यायचं, अर्ध्या तासावर नाही. घसरण आली तर दोन पायऱ्या खाली यायचं आणि त्याचा राग मानायचा नाही.

बरं वाटतं त्या दिवशी तरी साचलेली कामं उरकू ना?

सगळ्यात जास्त रुग्ण इथेच चुकतात. पावसाने चार दिवसांची उघाड दिली की सगळं गाव डवरणीला धावतं, तसा माणूस बऱ्या दिवशी तुटून पडतो. पिकाचं ते गणित बरोबर आहे, शरीराचं नाही. बऱ्या दिवशीही ठरलेलं तेवढंच काम करा. उरलेली ताकद वाया जात नाही, पुढच्या दिवसाच्या कामी येते.

कापूस वेचणीच्या, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत हे कसं जमणार?

पूर्ण जमणार नाही, हे आधीच मान्य करू. रोजीवर जाणाऱ्या माणसाला विसाव्याचे पैसे कोणी देत नाही, आणि थांबायचा सल्ला त्याला महागात पडतो. म्हणून कामाची निवड करा. वाकून, उन्हात आणि वजन अंगावर घेऊन केलेलं काम सर्वांत जड. वेचणीत हे तिन्ही एकत्र येतं. ओटी भरेपर्यंत ओढू नका, किलो-दीड किलो झालं की धुऱ्यावर रिकामी करा आणि तिथेच पाच मिनिटं बसा. दव असताना वेचलेल्या ओल्या कापसाला भाव मिळत नाही, त्यामुळे वेचणी उशिरा सुरू होते आणि उन्हात सापडते. अशा वेळी दोन तास वेचून उठण्याची बोली मजुरीवर जातानाच करा. वेचणी किलोवर असेल तर हे सोपं जातं.

सोंगणी आणि फवारणी टाळता आली तर टाळाच. घरच्यांनी सावड करावी: दुसऱ्याच्या वावरात कोणी दोन दिवस जास्त राबेल, त्याबदल्यात तुमच्या वाट्याला तूर निवडणं, बियाणं सावलीत बसून साफ करणं, माल राखणं यावं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत संपवा. ऊन एकटंच घसरण आणू शकतं.

डॉक्टर म्हणतात रोज चाला, थोडं थोडं वाढवत जा. ऐकावं का?

आधी एक गोष्ट पाहा: श्रमानंतर एक-दोन दिवसांनी घसरण येते का? येत नसेल, फक्त ताकद गेली असेल आणि धाप असेल, तर हळूहळू वाढवलेला व्यायाम खरोखर कामी येतो. ब्रिटनमध्ये कोरोनासाठी रुग्णालयात राहून आलेल्यांना ८ आठवडे ऑनलाइन गटात, देखरेखीखाली व्यायाम आणि मानसिक आधार दिला गेला. २०२४ च्या त्या अभ्यासात त्यांचं जगणं नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा सुधारलेलं दिसलं.

घसरण येत असेल तर "दर आठवड्याला इतकं वाढवायचंच" असा ठरीव व्यायाम घेऊ नका. याच्याशी मिळतंजुळतं दुखणं आहे दीर्घ थकव्याचा आजार, आणि त्यासाठी ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरीव वाढीचा व्यायाम आपल्या शिफारशींतून काढून टाकला. अशांनी बाजेवर पडून घोटे फिरवणं, पाय हळू ताणणं एवढ्यावरच राहावं. डॉक्टरांना वही दाखवा. वहीतली घसरण पाहिल्यावर सल्ला बदलतो.

घरात कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर पडून आहे. त्याचा उपयोग होईल?

चांगला होईल. त्यातला सहसा वरचा आकडा ऑक्सिजनचा, दुसरा नाडीचा. पेसिंगसाठी, म्हणजे काम वाटून घेण्यासाठी, नाडी पाहा. एक ढोबळ हिशेब: २२० मधून वय वजा करा आणि त्याचे ६० टक्के काढा. वय ४० असेल तर १८०, त्याचे ६० टक्के १०८. काम करताना नाडी याच्या वर राहिली तर थांबा आणि खाली येईपर्यंत बसा. रक्तदाब किंवा हृदयासाठी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर हा हिशेब लागू पडत नाही.

बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल, बोट गार असेल, सेल उतरले असतील तर आकडा चुकतो. बोट चोळून गरम करा, हात टेकवून ठेवा आणि अर्धा-एक मिनिट आकडा स्थिर होऊ द्या. बसल्या जागी ऑक्सिजन वारंवार ९४ च्या खाली येत असेल तर दवाखाना गाठा.

उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी आणि छातीत धडधड. अशक्तपणा का?

फक्त अशक्तपणा नसेल. लॉन्ग कोविडमध्ये उभं राहिल्यावर नाडी नको तितकी वाढण्याचा विकार दिसतो. घरी पाहायचं तर दहा मिनिटं आडवं पडून नाडी लिहा. मग भिंतीपासून वीतभर पुढे पाय ठेवून पाठ टेकून उभं राहा आणि दर मिनिटाला दहा मिनिटांपर्यंत नाडी लिहा. शेजारी कोणीतरी हवंच, घेरी आली की लगेच आडवं व्हायचं. प्रौढांत नाडी ३० ने किंवा जास्त वाढून तशीच टिकली (१२ ते १९ वर्षांच्या मुलांत ४० ने), तर ते आकडे डॉक्टरांना दाखवा, ते रक्तदाबासह पुन्हा तपासतील.

उपाय साधे आहेत. उठण्याआधी बाजेवर बसून पिंढऱ्या दहा-बारा वेळा आवळा. आंघोळ बसून, कोमट पाण्याने. दिवसभरात दोन ते तीन लिटर पाणी थोडं थोडं. मीठ घातलेलं ताक चांगलं, पण रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ आणि पाणी वाढवण्याआधी विचारा. रांगेत उभं राहावं लागलं तर पायांची कैची करून मांड्या आवळा.

श्वासासाठी प्राणायाम करावा का? कोणता?

हळू श्वासाचा करावा. बसून, एक हात पोटावर ठेवून, नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास घ्या आणि ६ मोजेपर्यंत सोडा. पोटावरचा हात हलला पाहिजे, खांदे नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. अनुलोम-विलोम श्वास न कोंडता आणि भ्रामरी हळू केली तर चालते. कपालभाती, भस्त्रिका ठेवून द्या: त्यात श्वास जोरात आणि भराभर होतो, चक्कर येते आणि घसरण असलेल्यांना तोही श्रमच आहे. धाप लागली की खुर्चीवर पुढे वाकून कोपरं मांड्यांवर टेकवा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास सोडा.

लंडनमध्ये ऑपेरा गायकांच्या मदतीने सहा आठवडे अंगाईगीतांवर श्वासाचा सराव घेतला गेला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मनाची उभारी वाढली आणि धापेच्या काही तक्रारी कमी झाल्या. आपल्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना कितीतरी गावांत होते. तिथे बसून, हळू आवाजात, ओळ संपेपर्यंत श्वास पुरवत म्हणा. खंजिरीच्या भजनात उंच स्वर मात्र सध्या दुसऱ्यांना घेऊ द्या.

आणि चुलीचा धूर. धाप असलेल्या माणसाने चूल फुंकणं बंद झालं पाहिजे. याला पर्याय नाही.

रात्री झोप नाही, दिवसा डोळे मिटतात.

उठण्याची वेळ पक्की करा, झोपण्याची आपोआप बसते. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाचीच. चहा दुपारनंतर बंद. अंथरुणात तळमळत पडण्याऐवजी उठून अंधुक उजेडात बसा, पेंग आली की परत या. निद्रानाशाच्या उपचारात अंथरुणातले तास कापतात, ते घसरण असलेल्यांनी स्वतःच्या मनाने करू नये.

रब्बीत शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट आली की सगळा मेळ बिघडतो. ओलिताची रात्रपाळी शक्यतो घरातल्या दुसऱ्याकडे द्या. गेलातच तर दुसरा दिवस आधीच मोकळा ठेवा.

डोकं चालत नाही, गोष्टी विसरतात. यावर काय करायचं?

लक्षात ठेवण्याचं ओझं डोक्यावरून उतरवा. एका वेळी एकच काम. गोळ्या आठवड्याच्या डबीत. पैशाचा व्यवहार सकाळी, डोकं ताजं असताना, आणि सही करण्याआधी दुसऱ्याला वाचायला लावून. गॅसवर काही ठेवलं की गजर.

एक गोष्ट जीवावरची आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. डोक्यात धुकं असताना औषधाचं माप चुकतं, वाऱ्याची दिशा लक्षात राहत नाही, आणि वास गेलेला असेल तर अंगावर उडालेलं कळतही नाही. अशा माणसाने पंप पाठीवर घेऊ नये.

गेलेला वास परत येतो का?

बऱ्याच जणांचा येतो, हळूहळू. सराव असा: लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी वेगवेगळ्या झाकणबंद डब्यांत ठेवा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास २० सेकंद हलका हुंगा, मध्ये थोडं थांबा आणि तो वास कसा होता ते आठवा. किमान १२ आठवडे. तोवर गॅसचा कॉक रोज रात्री हाताने तपासा आणि शिळं अन्न दुसऱ्याकडून हुंगून घ्या.

समुपदेशनाने थकवा जातो असं ऐकलं. खरं का?

विचार आणि सवयी बदलण्याचा एक ठरीव उपचार आहे, त्याला सीबीटी म्हणतात. नेदरलँड्समधल्या २०२३ च्या अभ्यासात १७ आठवड्यांच्या अशा उपचाराने कोरोनानंतरचा तीव्र थकवा नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी झाला. रुग्णांच्या संघटनांचा मात्र यावर आक्षेप आहे: थकवा हा चुकीच्या समजुतीतून येतो असं गृहीत धरून माणसाला ढकललं तर नुकसान होतं. आम्हाला हा आक्षेप रास्त वाटतो. झोप, भीती, चिंता, "मी आता कामाचा नाही" हा ठसठसणारा विचार, यांवर सीबीटी घ्या. शरीराच्या खुणा दुर्लक्षायला शिकवणारा समुपदेशक मिळाला तर बदला.

उदासी वेगळी ओळखता येते. नुसत्या थकलेल्या माणसाला वावरात जावंसं वाटतं, पण पाय उचलत नाहीत. उदासीत काहीच करावंसं वाटत नाही. दोन्ही एकत्रही असतात. कर्ज, नापिकी आणि त्यात हा आजार, असं असताना घरच्यांनी सरळ विचारावं: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार रुजत नाही, बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

घरचे म्हणतात ढोंग करते. सासूबाईंना कसं समजावू?

वाद घालू नका, त्यातही ताकद जाते. वहीतली दोन पानं दाखवा, एक कामाच्या दिवसाचं आणि एक दोन दिवसांनंतरचं. आशाताईंना घरी बोलावून त्यांच्या तोंडून ऐकवा, सुनेपेक्षा त्यांचं म्हणणं लवकर पटतं. मग मोघम मदत मागू नका. "पाणी तुम्ही भरा, भाजी मी निवडते" असं काम नावाने वाटून घ्या.

दाखवायचं कुठे, आणि सोबत काय न्यायचं?

सुरुवात गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देऊ शकतात, म्हणजे प्रवासाची घसरण वाचते. पुढे जिल्हा रुग्णालय, तिथला मानसिक आरोग्य विभाग, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल आणि एम्स.

नागपूरला जायचं ठरलं तर आदला आणि नंतरचा असे दोन्ही दिवस मोकळे ठेवा. सोबत वही, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, पाण्याची बाटली आणि बोलणं लक्षात ठेवणारा एक माणूस न्या. तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा, कारण आत गेल्यावर आठवत नाहीत. छातीत दुखणं, अचानक वाढलेली धाप, एकाच पायाला सूज, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं यांतलं काहीही झालं तर वेळ ठरवत बसू नका, थेट १०८ लावा.